नऊ दारांच्या नगरातली कोट्यवधी दारं

१९५१ च्या मार्चमध्ये केंब्रिज विद्यापीठाचा संगणक सहा महिन्यांसाठी बंद झाला आणि अँड्र्यू हक्सलीला दांडा फिरवत बसावं लागलं. ब्रुन्सविगा नावाचं ते गणकयंत्र टाइपरायटरएवढं, लोखंडी, वजनदार. बाजूला दांडा. पुढे फिरवला की बेरीज, उलटा फिरवला की वजाबाकी. गुणाकार म्हणजे तीच बेरीज पुन्हा पुन्हा. खिडकीत आकडे उमटले की कागदावर उतरवायचे, खिडकी कोरी करायची, पुन्हा दांडा. एकाच लांबलचक हिशेबात असे सुमारे तीन आठवडे गेले. म्हाकुळाच्या अंगातल्या एका जाड चेतातंतूतून संदेश धावतो, तेव्हा सेकंदाच्या काही हजाराव्या भागात नेमकं काय घडतं, याचा तो हिशेब होता.

उत्तर आलं : सेकंदाला १८.८ मीटर. खऱ्या तंतूवर १८.५ अंश सेल्सिअसला मोजलेला वेग होता २१.२ मीटर. धावता संदेश न मोजता, नुसत्या कागदावर त्याचा वेग इतक्या जवळ जाऊन गाठणं हे शरीरक्रियाशास्त्रात तोवर कुणाला जमलं नव्हतं. अ‍ॅलन हॉजकिन आणि हक्सली यांचे निबंध १९५२ मध्ये छापून आले, १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि त्यांची समीकरणं आजही जीवभौतिकीच्या विद्यार्थ्यांना शिकावी लागतात.

त्या समीकरणांत काय होतं यापेक्षा काय नव्हतं, हा या लेखाचा विषय आहे. सोडियम होतं, पोटॅशियम होतं, विद्युतदाब, तापमान, तंतूची जाडी, सगळं होतं. ‘इच्छा’ नावाचं पद त्यात नव्हतं. ‘मी’ कुठेच नव्हता. तरीही संदेश धावत होता. म्हाकुळाच्या आत्म्याचं काय ते म्हाकूळ जाणे. पण माणसाचे तंतूही याच रीतीने चालतात. पाणी पिण्यासाठी तांब्याकडे हात जातो तेव्हा मेंदूपासून दंडाच्या स्नायूपर्यंत जे धावतं ते हेच. मग ‘मी हात उचलला’ या वाक्यातला कर्ता नेमका कुठे बसला आहे?

हक्सलींच्या घरात हा प्रश्न वंशपरंपरेने आलेला होता. अँड्र्यूचे आजोबा टॉमस हेन्री हक्सली. डार्विनच्या बाजूने भांडणारे म्हणून ते गाजले, आणि ‘अज्ञेयवादी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १८६९ मध्ये त्यांनीच घडवला. १८७४ साली बेलफास्टमधल्या व्याख्यानात त्यांनी प्राणी म्हणजे जाणीव असलेली यंत्रं असं मांडलं आणि एक उपमा दिली : जाणीव ही आगगाडीच्या इंजिनाच्या शिट्टीसारखी. इंजिन चालतं म्हणून शिट्टी वाजते. शिट्टी वाजते म्हणून इंजिन चालत नाही. माणूसही याला अपवाद नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आजोबांनी इंजिनाचं नाव घेतलं, पण त्याच्या आत काय आहे हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. सत्याहत्तर वर्षांनी नातवाने दांडा फिरवून त्या इंजिनाचा निदान एक दट्ट्या तरी मोजून दाखवला.

हा दट्ट्या जवळून बघण्यासारखा आहे.

पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. बाहेरचं पाणी खारं, समुद्राची आठवण काढून द्यावी असं. हा फरक टिकवायला पेशीच्या पटलात पंप असतात. प्रत्येक फेरीत ते तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. विसावलेल्या तंतूच्या आतबाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक राहतो. घरातल्या २३० व्होल्टपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण पटल इतकं पातळ आहे की त्यातला ताण मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट इतका भरतो. या ताणात प्रथिनांची दारं उभी असतात. शास्त्रात त्यांना आयन चॅनल म्हणतात. एका जागी दाब जरा ढळला की तिथली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, दाब आणखी ढळतो, त्यामुळे शेजारची दारं उघडतात. लवंगी फटाक्यांची माळ पेटवावी तसं हे आहे : पहिला लवंगी जेवढा वाजला तेवढाच शेवटचाही वाजतो, मधे आवाज मंदावत नाही. फरक एवढाच की ही माळ जळून जात नाही. सोडियमची दारं मिलिसेकंदभरात आपसूक बंद होतात, पोटॅशियमची उघडतात, दाब पूर्वीसारखा होतो आणि माळ पुन्हा वाजायला तयार.

पोटॅशियमच्या दाराची एक गंमत तर सांगायलाच हवी. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. मोठ्याला जाऊ देणाऱ्या दारातून लहान सहज जायला हवा. प्रत्यक्षात हे दार दहा हजार पोटॅशियममागे जेमतेम एखादं सोडियम सोडतं, आणि तेही सेकंदाला कोटींच्या हिशेबात आयन पार करत असताना. कसं, ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या चॅनलची रचना उलगडून दाखवलं. प्रत्येक आयन पाण्याचे रेणू पांघरून फिरत असतो. दाराची अरुंद वाट ऑक्सिजनच्या अणूंनी मढवलेली असते आणि त्यांचं अंतर पोटॅशियमला अगदी बेतलेलं असतं. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं पोटॅशियम पाणी बाहेर ठेवून आत शिरतं, कारण आत त्याला तितकाच आधार मिळतो. सोडियम लहान असल्याने त्या ऑक्सिजनपर्यंत पोचत नाही. पाणी सोडायचं आणि बदल्यात काही मिळवायचं नाही, हा सौदा त्याला परवडत नाही. द्वारपाल नाही, परवाना तपासणारा नाही. फक्त अंतरं.

१९६३ च्या नोबेलचे मानकरी मात्र तीन होते. तिसऱ्याचं नाव जॉन एक्लस. मेलबर्नमध्ये जन्मलेला हा शास्त्रज्ञ कॅथलिक श्रद्धेत वाढला. अठराव्या वर्षी ‘आपण आहोत’ या जाणिवेने तो असा काही हादरला की मन आणि मेंदूचा उलगडा करण्यासाठीच त्याने चेताशास्त्र धरलं. एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो विजेच्या ठिणगीने, रसायनाने नव्हे, असं तो अनेक वर्षं हिरिरीने मांडत होता. न्यूझीलंडमध्ये असताना त्याची कार्ल पॉपरशी गाठ पडली. पॉपरने सांगितलं, आपली कल्पना चुकीची ठरेल असा प्रयोग करून बघ. १९५१ मध्ये, हक्सली केंब्रिजला दांडा फिरवत होता त्याच वर्षी, एक्लसने ड्युनेडिनच्या प्रयोगशाळेत मांजराच्या मज्जारज्जूतल्या पेशीत बारीक काचेची नळी घातली आणि स्वतःचंच म्हणणं खोटं पाडलं. ठिणगी हरली, रसायन जिंकलं. त्याने ते मोकळेपणाने मान्य केलं. विज्ञानात अशी माणसं फार नसतात.

आत्म्याच्या बाबतीत मात्र त्याने माघार घेतली नाही. १९७७ मध्ये पॉपरबरोबर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात त्याने मन आणि मेंदू ही दोन वेगळी तत्त्वं असून ती एकमेकांवर परिणाम करतात, असं ठामपणे मांडलं. पण परिणाम करतात म्हणजे कुठे? अशरीरी मनाने आयन ढकलला तर ऊर्जेचा हिशेब चुकतो, आणि ऊर्जेचा हिशेब चुकवणं भौतिकशास्त्राला मुळीच खपत नाही. एक्लसने फट शोधली. संदेश तंतूच्या टोकाला पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात आणि रसायनाची एखादी पिशवी पुढच्या पेशीवर रिकामी होते. होतेच असं नाही. पुष्कळदा होत नाही. हे होणं-न-होणं संभाव्यतेवर आहे. १९९२ मध्ये फ्रीडरिश बेक या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने सुचवलं की इथे पुंजभौतिकीचा नियम लागू होतो आणि मन ऊर्जा न खर्चता ही संभाव्यता किंचित वाढवतं. आत्म्याला शिरायला जागा मिळाली, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान.

ही मांडणी वाचताना एक्लसबद्दल आदर वाटतो आणि थोडी कीवही येते. ज्या आत्म्यासाठी माणसांनी देवळं बांधली, वाद घातले, सुळावर गेली, तो आता रसायनाच्या एका पिशवीशेजारी, पुंजभौतिकीच्या आडोशाला उभा. उद्या तिथलाही कार्यकारणभाव उलगडला की त्याला आणखी आत सरकावं लागणार. आजच्या चेताशास्त्रात या कल्पनेला फारसं कुणी पाठबळ देत नाही. पण तिची खरी अडचण प्रयोगात नाही, विचारात आहे, आणि ती एक्लसच्या हयातीतच दुसऱ्या एका प्रयोगशाळेने उघडी केली होती.

गॉटिंगनमध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली काचेच्या नळीचं गुळगुळीत टोक पेशीच्या पटलाला चिकटवून एकट्यादुकट्या चॅनलमधून जाणारा प्रवाह प्रथमच टिपला. पुढे १९९१ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. कागदावर उमटलेली रेघ अगदी साधी होती : सपाट, मग एकदम एक पायरी खाली, काही क्षण तिथेच, मग एकदम वर. दार अर्धवट उघडत नाही. उघडं किंवा बंद. आणि पुढच्या क्षणी ते काय करणार, हे कुणी सांगू शकत नाही. विद्युतदाब फक्त शक्यता कमीजास्त करतो.

म्हणजे हक्सलीच्या त्या नेमक्या, घड्याळासारख्या समीकरणांच्या तळाशी फाशांचा खेळ आहे. हे विसंगत वाटेल, पण वारी बघितलेल्याला वाटणार नाही. दिंडीतला एखादा वारकरी कुठल्या टपरीवर चहाला थांबेल, कुणाच्या पडवीत टेकेल, हे माउलीही सांगणार नाहीत. पालखी मात्र ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मुक्कामी असते. एक चॅनल लहरी, हजारो चॅनल मिळून शिस्तीचे.

मग इच्छास्वातंत्र्य इथे लपलंय का? इथेच अनेकांची गल्लत होते. दार नेमाने उघडत असेल तर मी यंत्राचा गुलाम; ते फाशाने उघडत असेल तर मी फाशाचा गुलाम. आंधळ्या योगायोगाने माझा हात उचलला गेला तर ‘मी उचलला’ म्हणण्याचा मला अधिकार नाही. न्यायालयही तसं ऐकून घेणार नाही. एक्लसला मन त्या फाशात हात घालताना हवं होतं. पण मन हेतूने दान पाडत असेल तर तो फासा राहत नाही, आणि फासाच असेल तर मन काही करत नाही. फट कितीही बारीक असली तरी हा पेच तिच्यातून आत येतोच.

भारतीय दर्शनांच्या अंगणात हा वाद आणला तर काही गोष्टी वेगळ्या दिसतात. ‘आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं’ छापाचं काही इथे म्हणायचं नाही. त्यांना चॅनल ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. तो मोह जुना आहे. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ साली एक इंग्रजी पुस्तक लिहून कुंडलिनी म्हणजे व्हेगस मज्जातंतू असं प्रतिपादन केलं होतं. माणूस विद्वान, हेतू चांगला, पण अशा जुळवाजुळवीत योगशास्त्रालाही न्याय मिळत नाही आणि शरीरशास्त्रालाही. दर्शनांकडे जायचं ते माहितीसाठी नव्हे, प्रश्न कसा विचारावा हे बघण्यासाठी.

एक्लसच्या सगळ्यात जवळ जातात ते नैयायिक. त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण. पण आत्म्याचा इंद्रियांशी थेट संबंध येत नाही, मधे मन लागतं, आणि मन हे अणूएवढं असतं. एका वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत, एकापाठोपाठ एक होतात, यावरून त्यांनी मनाचं अणुत्व सिद्ध केलं. आत्मा आणि देह यांच्यामध्ये एक सूक्ष्म सांधा हवा, ही निकड दोघांचीही.

सांख्यांना ही निकडच नाही. त्यांनी रेघ फार वेगळ्या जागी ओढली. युरोपात रेघ मन आणि शरीर यांच्यामध्ये पडली. सांख्यांनी मन, बुद्धी, अहंकार, सगळं उचलून प्रकृतीत टाकलं. विचार करणं, ठरवणं, ‘मी’ म्हणणं हा सगळा जडाचा कारभार. पलीकडे उरला तो पुरुष, जो काहीच करत नाही, फक्त पाहतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलंय, आणि आत राहणारा देही स्वतः काही करत नाही व कुणाकडून करवूनही घेत नाही, असं सांगितलंय. या नगराला नऊ नव्हे तर कोट्यवधी दारं आहेत आणि ती आपसूक उघडतात-मिटतात, हे हक्सलीने सांख्याला सांगितलं असतं तर तो दचकला नसता. ‘मग?’ म्हणाला असता.

पण सांख्यांनाही हे फुकट मिळत नाही. पुरुष काही करतच नसेल, तर बंध कुणाला आणि मोक्ष कुणाचा? आणि काहीही न करणाऱ्या पुरुषात आणि थोरल्या हक्सलीच्या शिट्टीत फरक तो काय? फरक एकच : शिट्टी इंजिनातून निघते, पुरुष कशातूनही निघत नाही. चार्वाकांना तर शिट्टीच पुरेशी होती. त्यांचे ग्रंथ फारसे उरले नाहीत, विरोधकांनी सांगितलं तेवढंच हाती आहे. त्यात दृष्टान्त येतो तो दारूचा : ज्या पदार्थांत वेगवेगळे असताना नशा नसते, ते आंबवले की नशा उपजते, चार महाभूतांतून चैतन्य तसंच उपजतं. गंमत अशी की नशाही पुन्हा या दारांचाच खेळ आहे. मद्यार्क मेंदूतल्या ज्या ज्या गोष्टींवर काम करतो त्यांत क्लोराइडच्या चॅनलचा वाटा मोठा आहे. चार्वाकाचा दृष्टान्त त्याला माहीत होता त्यापेक्षा जास्त नेमका निघाला.

साक्षी पुरुषाच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार मात्र मिळतो, तोही दर्यावर्दी. १७७४ च्या सप्टेंबरात कॅप्टन जेम्स कुक न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यावर होता. एका स्थानिकाकडून घेतलेला अनोळखी मासा रात्री जेवणात आला; कुक आणि बरोबरच्या निसर्गशास्त्रज्ञांनी त्याचं काळीज आणि गाभोळी नुसती चाखली. पहाटे तीन-चारच्या सुमाराला अंगातलं त्राण गेलं, हातापायांना मुंग्या आल्या. कुकने नोंदवून ठेवलंय की पाण्याने भरलेलं भांडं आणि एक पीस हातात सारखंच लागत होतं. त्या माशाची आतडी खाल्लेलं डुक्कर मेलं. मासा पफर जातीचा होता, फुगून चेंडू होणारा. त्याच्यातलं टेट्रोडोटॉक्सिन सोडियमच्या दाराच्या तोंडात बुचासारखं बसतं. ते सोडियमचीच दारं अडवतं, हे १९६४ मध्ये तोशियो नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. मात्रा मोठी असेल तर माणूस बोट हलवू शकत नाही, शेवटी श्वासही थांबतो, आणि बऱ्याचदा तोवर तो पूर्ण शुद्धीवर असतो. देह गेला, पाहणारा जागा!

पुरावा म्हणून तो फार देखणा आहे. दुर्दैवाने त्याचं कारण साधं आहे : हे विष रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. मेंदूतली दारं चालू राहतात म्हणून पाहणारा जागा राहतो. दाढ काढण्यापूर्वी दाताचा डॉक्टर हिरडीत लिग्नोकेन टोचतो तेव्हाही सोडियमचीच दारं अडवली जातात. फक्त तिथे मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच बातमी अडते, आणि माणूस खुर्चीत डोळे उघडे ठेवून स्वतःच्या दाढेची करकर तिऱ्हाइतासारखी ऐकतो.

वेदनेपाशी येऊन मात्र प्रश्न खरा बोचू लागतो. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणं. पण शब्द ‘विद्’ धातूचा, जाणण्याचा. बौद्धांच्या पाच स्कंधांत वेदना हा एक स्कंध आहे आणि त्यात सुखाची जाणीवही येते, ना सुख ना दुःख अशीही येते. जाणणं आणि दुखणं एकाच शब्दात राहतात.

उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडात सुरे खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला दुखतच नव्हतं. स्पर्श कळायचा, गरम-गार कळायचं, वेदना नाही. शास्त्रज्ञांनी त्याला तपासायच्या आधीच, चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास, घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नातलगांतल्या तशाच इतर मुलांच्या तपासणीतून २००६ मध्ये कारण सापडलं : सोडियमच्या एका विशिष्ट चॅनलचा जनुक बिघडलेला. ‘नॅव्ह १.७’ हे त्या चॅनलचं रुक्ष नाव. याच जनुकात उलट प्रकारचा दोष असेल तर दार फार सहज उघडतं आणि माणसाचे तळहात-तळपाय साध्या उबेनेही पेटल्यासारखे जळतात. तो दोष दोनच वर्षं आधी चीनमधल्या कुटुंबांत सापडला होता. एकच दार. एका बाजूला मोडलं तर आग, दुसऱ्या बाजूला मोडलं तर शांतता, आणि ती शांतता आगीइतकीच जीवघेणी. या मुलांच्या अंगावर जखमा असतात, बऱ्याच जणांच्या जिभेचे, ओठांचे तुकडे लहानपणीच स्वतःच्या दातांनी तुटलेले असतात. दुःखनिवृत्ती हेच ध्येय मानणाऱ्या कुठल्याही विचाराने या मुलांपाशी क्षणभर थांबायला हवं.

बुद्धाच्या नावे एक दृष्टान्त सांगतात : अडाणी माणसाला दोन बाण लागतात, शहाण्याला एकच. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा तिच्यावरून होणाऱ्या शोकाचा. पाकिस्तानातल्या त्या मुलाला पहिला बाण लागतच नव्हता. दुसरा त्याच्या घरच्यांना लागला, आणि त्यासाठी नॅव्ह १.७ लागत नाही. चॅनलचं शास्त्र पहिल्या बाणाचा भाता रिकामा करू शकतं. त्या एका चॅनलवर औषध शोधायला कंपन्यांनी पुष्कळ वर्षं आणि पैसा घातलाय. पण पहिल्या बाणाबद्दलही एक गोष्ट त्याला सांगता आलेली नाही. सोडियम आत गेलं, दाब ढळला, संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूत गेला, इथवर सगळं मोजता येतं. त्यानंतर ‘दुखलं’ असं का होतं? नुसताच हात मागे का येत नाही?

हा सल ज्याने सगळ्यात स्पष्ट बोलून दाखवला तो या शास्त्राचा आजोबाच. एमिल दु ब्वा-रेमों. चेतातंतूतला विजेचा संदेश प्रथम मोजणारा, सजीवांसाठी वेगळी ‘जीवशक्ती’ मानणाऱ्यांचा कट्टर विरोधक. १८७२ च्या ऑगस्टमध्ये लाइप्झिगला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्याने सांगून टाकलं की मेंदूतला प्रत्येक कण कुठे आहे आणि कसा हलतोय हे कळलं तरी त्यातून जाणीव का निघते हे कळणार नाही. आज कळत नाही असं नव्हे, कधीच कळणार नाही. आपल्याच गोटातला सेनापती तह करतोय म्हणून बरेच जण संतापले. पुढे गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्टने १९३० मध्ये त्याला भर सभेत उत्तर दिलं, आणि ‘आपल्याला कळलंच पाहिजे’ या अर्थाचे त्याचे शब्द गॉटिंगनमध्ये त्याच्या थडग्यावर कोरले गेले. हिल्बर्टच्या बाणेदारपणाला टाळ्या पडल्या. दु ब्वा-रेमोंच्या प्रश्नाला अजून तरी उत्तर मिळालेलं नाही. एक्लसला फट दारात दिसली. फट असलीच तर ती सगळी दारं उघडून मिटून झाल्यावर, हिशेब पूर्ण जुळल्यावर दिसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न पावसाळ्यात नांगी वर करून येतो. कोकणातला लाल विंचू. लाकडाची मोळी हलवताना, गवताच्या भाऱ्यात, पहाटे चपलेत पाय घालताना. त्याचं विष पफर माशाच्या बरोबर उलटं काम करतं : सोडियमचं दार अडवत नाही, ते मिटूच देत नाही. माळ वाजत राहते. सगळ्या शरीरभर चेतातंतू एकसारखे पेटतात, रक्तात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं.

सोळाव्या शतकात एकनाथांनी याच प्राण्याला भारुडात आणलं आणि त्याला कामक्रोधाचा विंचू केलं. उतारा सांगितला तो सत्त्वगुणाचा. बाजारात, जत्रेत लोक हसत हसत ते ऐकत आले, कारण विंचू काय असतो हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला अंगाने माहीत होतं. खऱ्या विंचवावर मात्र मंत्र आणि झाडपाला याखेरीज फारसं काही नव्हतं. १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी धडधाकट माणसं आणि मुलं विंचूदंशाने डोळ्यांदेखत जाताना पाहिली, एकेकाची बारकाईने नोंद केली, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीने त्या वादळाला बांध घातला. त्या भागात गंभीर दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण शेकडा चाळिसाच्या घरातून एक-दोनवर आलं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेची सुरुवातच दुःखाच्या तीन प्रकारांनी होते, आणि लगेच शंका येते : डोळ्यांना दिसणारे उपाय असताना हा तत्त्वचिंतनाचा खटाटोप कशाला? उत्तर असं की ते उपाय खात्रीचे नसतात आणि कायमचे नसतात. शेकडा चाळिसावरून एकावर ही खात्री ईश्वरकृष्णाला कमी वाटली असती की काय, कोण जाणे. महाडच्या आयाबायांना ती पुरली.

त्या भागातल्या कुठल्याही दवाखान्यात, रात्री जीपमधून उतरवलेल्या माणसाला डॉक्टर ‘दुखतंय का’ हे आधी विचारत नाहीत. आधी हातपाय चाचपतात. नुसता ठणका असेल तर भीती कमी. घामाने चिंब अंग आणि गार पडलेले पाय असतील तर धोका. गोळी द्यायची, आडवं ठेवायचं, उठू द्यायचं नाही, दर तीन तासांनी पुन्हा गोळी. बायको पायथ्याशी बसून तळवे चोळत असते. माणूस कासावीस, काही सांगण्याच्या स्थितीत नाही. उजाडता उजाडता डॉक्टर पुन्हा पायाला हात लावतात. पाय गरम लागतो. घाम सुकलेला. माणूस डोळे उघडतो, आणि रात्रभरात पहिल्यांदाच त्याला बोटाची आठवण होते.

“डॉक्टर, लई ठणकतंय ओ.”

“ठणकू दे,” म्हणत डॉक्टर त्याच्या बायकोला चहा घेऊन यायला सांगतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात.